पहाटेचे स्वयंवर आणि माळाचे मालक

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात एप्रिल उजाडला की डेन्व्हर शहरातून पक्षिनिरीक्षकांच्या लहान गाड्या पूर्वेकडील गवताळ मैदानांकडे आणि पश्चिमेकडील डोंगरी खोऱ्यांकडे निघू लागतात. आठ-दहा दिवसांच्या या मार्गदर्शित सहलींत प्रवासी पहाटे तीन-साडेतीनला उठतात, गोठवणाऱ्या थंडीत काळोखातून माळावर पोहोचतात आणि झुंजुमुंजू होण्याआधीच लाकडी लपणगृहात जाऊन गप्प बसतात. पाहावयाचे असते ते ग्राउज पक्ष्यांचे प्रणयनृत्य. हे पक्षी कोंबडी, तित्तिर आणि मोर यांच्याच कुळातील असल्याने पक्षिमित्रांच्या बोलीत या प्रवासाला ‘कोंबड्यांची सहल’ असे नाव पडले आहे. नाव गमतीचे असले तरी तिच्यामागे गवताचे आणि जमिनीचे मोठे अर्थकारण उभे आहे, आणि विस्तार कार्यकर्त्यांनी पाहावे असे बरेच काही त्यातच आहे.

ग्राउजचे नर दरवर्षी वसंतात ठरावीक उघड्या जागी जमतात. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा वापरली जाते. या मेळ्याला शास्त्रीय भाषेत ‘लेक’ म्हणतात. शब्द मूळचा स्वीडिश असून त्याचा अर्थ खेळ असा आहे. मराठी कानाला मात्र त्यात वेगळाच अर्थ ऐकू येतो आणि तोही विसंगत नाही, कारण या मेळ्यात निवडीचा अधिकार सर्वस्वी मादीचा असतो. नर आपापला काही पावलांचा चौक राखतात, शेजाऱ्याशी झटापट करतात आणि दिवस वर येईपर्यंत नाचतात. माद्या शांतपणे या चौकांतून फिरतात, पारखतात आणि निघून जातात. अखेर बहुतेक मीलने मोजक्या नरांच्याच वाट्याला येतात. त्यानंतर नराचे काम संपते. घरटे, उबवण आणि पिलांचे संगोपन ही सारी जबाबदारी मादी एकटी उचलते.

प्रत्येक जातीचा नाच निराळा. पूर्वेकडील रे या गावाभोवतीच्या वाळूच्या टेकड्यांवर मोठा प्रेअरी चिकन आढळतो. त्याचे नर मानेवरील पिसांचे दोन तुरे शिंगांसारखे उभे करतात, नारिंगी हवापिशव्या फुगवतात आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा घुमणारा आवाज काढतात. वारा पडलेला असेल तर तो दीड-दोन किलोमीटरवरही ऐकू येतो. तीक्ष्णपुच्छ ग्राउजचे नर पंख पसरून, शेपूट ताठ करून पायांनी जमीन बडवीत गरगर फिरतात, मधूनच सारे एकदम थबकतात आणि पुन्हा एकदम सुरू होतात. या घोळक्याला कोणी सूत्रधार नसतो, तरी ताल चुकत नाही.

सर्वांत भारदस्त दृश्य सेज-ग्राउजचे. उत्तर अमेरिकेतील हा सर्वांत मोठा ग्राउज. नराचे वजन अडीच ते तीन किलो, मादी जवळपास निम्मी. नर छातीवरच्या शुभ्र पिसांच्या झालरीतून दोन पिवळसर पिशव्या फुगवतो, शेपटीची टोकदार पिसे पंख्यासारखी उभारतो आणि पिशव्यांतून बुडबुडे फुटावेत तसे आवाज काढतो. गनिसन खोऱ्यातील लहान सेज-ग्राउज दिसायला सारखाच वाटतो, परंतु तो आकाराने सुमारे एक तृतीयांश कमी असतो, डोक्यामागची लांब पिसे तो पुढे झटकतो आणि एका आवर्तनात थोरल्या भावाच्या दोन बुडबुड्यांच्या जागी सुमारे नऊ बुडबुडे फोडतो. या फरकांच्या आणि आनुवंशिक पुराव्याच्या आधारे 2000 साली तो स्वतंत्र जाती म्हणून जाहीर झाला. अमेरिकेसारख्या बारकाईने अभ्यासलेल्या देशात एवढा मोठा पक्षी इतका काळ वेगळा ओळखला गेला नव्हता, ही नवलाची गोष्ट खरी. 2014 मध्ये त्याचा समावेश संकटग्रस्त जातींच्या संघीय यादीत झाला.

सेज-ग्राउजचे जीवन सेजब्रश या करड्या, सुगंधी झुडपाशी बांधलेले आहे. हे झुडूप आर्टेमिसिया वंशातील, म्हणजे आपल्या दवण्याचे नातेवाईक. हिवाळ्यात हा पक्षी जवळजवळ केवळ त्याच पानांवर जगतो. कठीण दाणे भरडणारा बळकट पेषणजठर त्याला नसतो; त्यामुळे सेजब्रश गेले की दुसऱ्या अन्नावर वेळ मारून नेण्याची सोय उरत नाही. त्याचा पूर्वीचा प्रदेश आज सुमारे निम्म्यावर आला आहे.

लपणगृहातील शिस्त कडक असते. एकदा आत बसले की शेवटचा पक्षी उडून जाईपर्यंत कोणी बाहेर पडायचे नाही. प्रसाधनगृह नाही, बोलणे नाही, भ्रमणध्वनीचा उजेड नाही, कॅमेऱ्याचा झोत नाही. पहाटेच्या कॉफीवर अनुभवी प्रवासी स्वतःच आवर घालतात. या शिस्तीला कारण आहे. सोनेरी गरुड किंवा भोवत्या आकाशात दिसला की सारा मेळा क्षणात दबून बसतो किंवा उडून जातो. माणसाच्या हालचालीनेही तेच घडते, आणि त्या सकाळी आलेली मादी निवड न करताच परतते. आवाजाचा परिणाम तर मोजलाही गेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील गेल पॅट्रिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायोमिंगमधील मेळ्यांच्या जागी ध्वनिक्षेपकांतून रस्त्याच्या वाहतुकीचा व खोदकामाचा आवाज ऐकवून पाहिला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खोदकामाच्या आवाजाने नरांची उपस्थिती 29 टक्क्यांनी, तर वाहतुकीच्या आवाजाने 73 टक्क्यांनी घटली. अखंड घरघरीपेक्षा मध्येच येणारा-जाणारा गाडीचा आवाज अधिक त्रासदायक ठरला, ही बाब सहल आयोजकांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रश्न असा की हे मेळे भरतात कोणाच्या जमिनीवर? काही सरकारी कुरणांवर आणि अभयारण्यांत भरतात. दक्षिण डकोटातील फोर्ट पिएर राष्ट्रीय कुरणासारख्या ठिकाणी जनतेसाठी लपणगृहेही आहेत. तथापि मैदानी भागातील बरेच मेळे खासगी पशुपालकांच्या माळावर असतात. नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये सुमारे 50,000 चौरस किलोमीटरवर गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. नांगर लावला तर वाळू उडते, म्हणून तेथे शेतीऐवजी गुरे आली आणि गवत टिकले. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्सना गारगोटीच्या थराने असेच वाचवले. अशा भागांत काही पशुपालक कुटुंबे वसंतात लपणगृहे उभारतात, पाहुण्यांना पहाटे माळावर नेतात, न्याहारी देतात आणि माणशी शुल्क घेतात. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा. त्या मिळकतीवर घर चालत नाही. पण माळावरचा नाचणारा पक्षी हा हिशोबाच्या वहीतील जमेची बाजू होऊ शकतो, हे त्या कुटुंबांना एकदा कळले की मेळ्याची जागा नांगराखाली जाण्याची शक्यता कमी होते.

नांगराचे आणि प्रेअरी चिकनचे नाते मात्र सरळ शत्रुत्वाचे नव्हते. 1837 मध्ये जॉन डीअर यांनी पोलादी नांगर बनवला आणि पुढील दशकांत प्रेअरीची घट्ट मुळांची जमीन फोडली जाऊ लागली, तेव्हा प्रारंभी हा पक्षी वाढला. गवताच्या विस्तारात तुरळक शेते आली आणि हिवाळ्यात सांडलेले धान्य आयते मिळू लागले. शेते वाढत गेली, गवताचे तुकडे उरले, मग तोल बिघडला. पूर्व किनाऱ्यावरील त्याची ‘हीथ हेन’ ही उपजात तर पूर्णपणे नाहीशी झाली. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील तिचा शेवटचा नर 1932 नंतर कोणाला दिसला नाही. थोडी शेती उपकारक आणि फार शेती घातक, अशा या सीमेवरच गवताळ प्रदेशातील बहुतेक पक्षी जगत आले आहेत.

या पक्ष्याला एकाच प्रकारचे गवत चालत नाही, हेही पशुपालकांना सांगावे लागते. नाचासाठी उघडी, खुरट्या गवताची जागा हवी. घरट्यासाठी गेल्या वर्षीचे उभे, दाट गवत हवे. आणि पिलांना पहिल्या काही आठवड्यांत किडे हवेत, जे फुलांच्या व शेंगवर्गीय रानवनस्पतींत मुबलक असतात. घरटी बहुधा मेळ्यापासून तीनेक किलोमीटरच्या आत असतात, म्हणजे या तिन्ही गोष्टी जवळजवळ लागतात. फ्लिंट हिल्समध्ये वासरांच्या वजनवाढीसाठी दर वसंतात सगळा माळ जाळून दाट चराई करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा चारा उत्तम मिळाला, परंतु घरट्यासाठी जुने गवत उरेना. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातील सॅम्युअल फुलेनडॉर्फ आणि डेव्हिड एंगल यांनी त्यावर सुचवलेला उपाय साधा आहे: दरवर्षी माळाचा साधारण तिसरा हिस्साच जाळावा. गुरे कोवळ्या फुटव्याकडे आपणहून जातात, उरलेल्या भागात गवत वाढते आणि आतील कुंपणांचा खर्चही वाचतो.

सरकारी धोरणाचा वाटा याहून मोठा. 1985 च्या अन्न सुरक्षा कायद्याने धूपप्रवण जमीन 10 ते 15 वर्षे पिकाबाहेर ठेवून तिच्यावर बहुवर्षायू गवत लावणाऱ्या शेतकऱ्याला वार्षिक भाडे देण्याची योजना आली. हेतू मातीची धूप आणि धान्याचा अतिरिक्त साठा रोखण्याचा होता. पक्ष्यांचा लाभ हा आनुषंगिक. 2007 मध्ये या योजनेखाली सुमारे 3.7 कोटी एकर जमीन होती. कोलोरॅडोत 1973 साली राज्याच्या संकटग्रस्त यादीत गेलेला मोठा प्रेअरी चिकन 1998 मध्ये यादीबाहेर आला. पुढे मक्याचे भाव चढले, करार संपताच अनेकांनी गवत मोडले, आणि 2014 च्या कृषी कायद्याने योजनेची कमाल मर्यादाच 2.4 कोटी एकरांवर आणली. लहान प्रेअरी चिकनची अवस्था अधिक नाजूक आहे; त्याला 2014 मध्ये मिळालेले संघीय संरक्षण पुढच्याच वर्षी न्यायालयात रद्द झाले आणि 2022 मध्ये पुन्हा द्यावे लागले. भाड्यावर टिकलेले गवत बाजारभावाच्या एका उसळीने जाते, हा या योजनेचा दुबळा दुवा.

सेज-ग्राउजसाठी अमेरिकी कृषी खात्याने 2010 मध्ये स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. त्यात सक्ती नाही. खात्याचा कर्मचारी पशुपालकाच्या दारी जातो आणि कुरण व पक्षी दोहोंना उपयोगी पडेल असेच काम सुचवतो. सेजब्रशमध्ये घुसलेली जुनिपरची झाडे काढली की गवत वाढते, आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागाही मिळत नाही. सर्वांत स्वस्त काम कुंपणाचे. अंधारात मेळ्याकडे खालून उडत येणारे पक्षी काटेरी तारांवर आदळून मरतात. तारेवर पांढऱ्या प्लास्टिकचे छोटे तुकडे अडकवले, तर आयडाहोतील अभ्यासात अशा धडका सुमारे 83 टक्क्यांनी घटल्या.

याच सहलींत पश्चिम कोलोरॅडोच्या खडकाळ उतारांवर भारतीय प्रवाशाला एक ओळखीचा पाहुणा भेटतो. तो म्हणजे चकोर. शिकारीसाठी भारतीय उपखंडातून नेऊन सोडलेला हा पक्षी तेथे चांगला रुळला आहे. चांदणे पिऊन जगणारा म्हणून काव्यात गाजलेला चकोर प्रत्यक्षात गवताच्या बिया टिपताना दिसला की गंमत वाटते.

आपल्याकडे ग्राउज नाहीत, पण याच धाटणीचे प्रणयनृत्य आहे. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो, आणि दिवसभरात अशा शेकडो उड्या मारतो. त्याचे नर एकत्र न जमता परस्परांपासून दूर, तरी एकाच परिसरात नाचतात. तोही विखुरलेला लेकच. हिवाळ्यात विखुरणारे हे पक्षी जुलै ते सप्टेंबर या काळात राजस्थानातील अजमेर-शाहपुरा, मध्य प्रदेशातील सैलाना आणि गुजरातेतील वेळावदर या भागांत विणीसाठी येतात; विदर्भात अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारधी समाजातील मंडळी त्यांच्या राखणीत सहभागी झाली आहेत. जाती अतिसंकटग्रस्त असल्याने अमेरिकेसारख्या सहली येथे भरवणे शहाणपणाचे नाही. शेतकऱ्याला सहभागी करण्याची वाट मात्र सापडली आहे. मध्य प्रदेशच्या वन विभागाने आपल्या शेतात तणमोर दिसल्याचे कळवणाऱ्या आणि त्याची राखण करणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षीस देण्यास आरंभ केला.

तेथील अडचण वेळापत्रकाची आहे. मादी गवताबरोबरच उभ्या मुगाच्या, उडदाच्या किंवा सोयाबीनच्या पिकातही अंडी घालते, आणि मूग-उडदाची काढणी पिले उडती होण्याआधीच येऊन ठेपते. त्यातच फवारणीने पिलांचे किडे नाहीसे होतात. राखलेल्या गवती कुरणांत हा पेच पडत नाही. तेथे गवत दसऱ्याच्या पुढेमागे कापणीला येते, आणि तोवर तणमोर बहुतेक निघून गेलेले असतात.