दगडीपाला, काचेची थाळी आणि आमचं मलम

खुरपं लागलं, विळा लागला की आपण बांधावरचा दगडीपाला चुरगळून रस जखमेवर पिळतो. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. (झाड मूळचं अमेरिकेतलं, पण आता आपल्या बांधाचंच झालंय.) आमच्या गटाने त्याचं मलम करायचं ठरवलं आणि 'जंतुनाशक' अशी लेबलंही छापून आणली. तेव्हा गटातल्या एका आजींनी विचारलं, "रक्त थांबतं ते खरं, पण जंतू मेलेले कुणी बघितलेत का?"

आम्ही गप्प. मग तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमकडे पाला घेऊन गेलो.

सावलीत वाळवलेल्या पाल्याची पूड केली. निम्मी पाण्यात भिजवली, निम्मी अल्कोहोलमध्ये, कारण काही द्रव्यं पाण्यात उतरतात, काही उतरत नाहीत. गाळला की अर्क तयार. काचेच्या थाळीत अगर ओतून थिजवलं. अगर म्हणजे आपलं चायनाग्रास, त्यात जंतूंचं खाणं मिसळलेलं. त्यावर स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू कापसाच्या बोळ्याने सारवला. गळवात, पिकलेल्या जखमेत सापडतो तो. मग टिकलीएवढे, 6 मिलिमीटरचे कागद अर्कात बुडवून वर मांडले आणि थाळी रात्रभर 37 अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला ठेवली.

सकाळी थाळीभर जंतूंची दुधट साय आलेली. जिथे जंतू वाढू शकला नाही, तिथे टिकलीभोवती मोकळं वर्तुळ राहतं. ते पट्टीने मोजायचं. पाण्याच्या अर्काभोवती काहीच नव्हतं. अल्कोहोलच्या अर्काभोवती वर्तुळ दिसलं आणि आम्ही टाळ्याच वाजवल्या.

मॅडम म्हणाल्या, थांबा. त्यांनी एक टिकली नुसत्या अल्कोहोलची ठेवली होती. तिच्याभोवतीही वर्तुळ होतं, जरासं लहान. अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं ना! म्हणजे पाल्याचा वाटा जेमतेम. ती टिकली नसती तर आम्ही अल्कोहोलचं श्रेय पाल्याला देऊन मोकळ्या झालो असतो. आणखी एक टिकली प्रतिजैविकाची होती, तिचं वर्तुळ आमच्या दुपटीहून मोठं.

बरं, थाळीत जंतू थांबला म्हणजे जखमेतही थांबेल असं नाही. मलमाने कातडी जळते का, ते किती दिवस टिकतं, हे वेगळं तपासावं लागतं. औषध म्हणून विकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. आणि पाल्याला माती असते, मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. विळा खोल लागला तर जखम साबण-पाण्याने धुऊन दवाखाना गाठायचा, इंजेक्शनचं विचारायचं. पाल्यावर भागवायचं नाही.

लेबलांचा गठ्ठा सध्या कपाटात आहे. पुढच्या खेपेला टिकल्या पूर्ण वाळवून, अल्कोहोल उडून गेल्यावरच थाळीत ठेवायच्या, असं मॅडमनी सांगितलंय. त्यासाठीचा पाला आजींच्या पडवीत वाळतोय.