बारा वाटेकरी

तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला सगळीकडे ठेवी आणि येणीच दिसतात, असे आमच्या घरी म्हणतात. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या नेत्सिलिक इनुइट लोकांवरचे असेन बालिक्ची यांचे १९७० सालचे पुस्तक वाचताना तसेच झाले. (शाळेत आपण त्यांना ‘एस्किमो’ म्हणून पाठ केले. त्यांचा स्वतःचा शब्द ‘इनुइट’, म्हणजे नुसते ‘माणसे’.)

हिवाळ्यात समुद्र गोठला की अन्न म्हणजे बर्फाखालचा सील. श्वासासाठी तो बर्फात बरीच भोके राखून असतो. कुठल्या भोकाशी डोके वर काढील, कोणी सांगावे? म्हणून एकेका भोकाशी एकेक शिकारी भाला घेऊन तासन् तास निश्चल उभा. एखाद्याला सील मिळतो, बाकीचे हात हलवीत परत. आणि घरात तर सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा. तीच चूल, तीच ऊब, पिण्यासाठी बर्फ वितळवायचा तोही त्यावरच.

मग हात हलवीत आलेल्याच्या दिव्याचे काय? ती सोय त्याच्या आईने तो लहान असतानाच करून ठेवलेली असे. मुलासाठी ती वाटेकरी ठरवी. पूर्ण संख्या बारा. मोठेपणी त्याने सील मारला की प्रत्येकाला सीलचा ठरलेला भाग जाई आणि त्यांच्या सीलमधला तोच भाग याच्या घरी येई. दोघे एकमेकांना हाकही त्या भागाच्या नावाने मारीत, ‘माझी मांडी’ अशी काहीतरी!

गंमत म्हणजे यात जवळचे नातलग चालत नसत. ते तसेही एका भांड्यात जेवणारे. जोखीम घराबाहेर पसरवायची, हे आम्ही परिपत्रकांतून शिकलो. त्या माउलीला ते पाळण्यापाशीच कळत होते.

तो काही स्वर्ग नव्हता. त्याच लोकांत नवजात मुलींना मारण्याची रीत होती. १९२३ साली तिथे गेलेल्या क्नुद रासमुसेन यांनी घरोघर विचारून ते नोंदवले आहे. ते वाचून पुस्तक मी दोन दिवस मिटून ठेवले.

पुढे बंदूक आली. एकट्याने शिकार जमू लागली, भोकांशी घोळक्याने उभे राहणे मागे पडले आणि बारा वाटेकऱ्यांची गरजही सरली. १९६३ नंतर बालिक्चींनी पेली बे भागात चित्रपट काढले, तेव्हा लोकांनी बंदुका बाजूला ठेवून जुने जगणे कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून दाखवले. बर्फाचे घर बांधायला हात विसरले नव्हते.