पिलू उभे का राहत नाही?

सांगली जिल्ह्यातील आष्टा हे ऊसमळ्यांच्या मुलखातले गाव. अशा गावांत अजूनही परसात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिले टरफल फोडून बाहेर येतात. त्यांत एखादे पिलू असे निघते की, त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकतात आणि ते पोटावरच सरपटते. त्याला पाण्यापर्यंत जाता येत नाही. इतर पिले त्याला तुडवतात. ‘हे काही जगायचे नाही’ म्हणून ते बाजूला टाकले जाते. पण वेळीच लक्ष दिले तर असे पिलू पुष्कळदा वाचते.

अंड्यात पिलू पाय दुमडून बसलेले असते. बाहेर आल्यावर त्याचे स्नायू आणि सांध्यांचे बंध कोवळे असतात. अशा वेळी पायाखाली गुळगुळीत वर्तमानपत्र, प्लॅस्टिक किंवा पत्रा असेल तर नखांना पकड मिळत नाही. पाय पुन्हा पुन्हा घसरतात आणि काही दिवसांत ते तसेच वळण घेतात. म्हणून उपाय पहिल्या एक-दोन दिवसांतच करावा.

मऊ चिकटपट्टीची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. पाय शरीराखाली सरळ आणून, घोट्याच्या सांध्याखालच्या नळ्यांभोवती ती सैलसर गुंडाळा. दोन पायांत सुमारे 2.5 सेंटिमीटर अंतर ठेवा. पाऊल सुजले किंवा गार पडले तर पट्टी लगेच सोडा. ती रोज बदला. बहुधा दोन ते चार दिवसांत पिलू आपल्या पायांवर उभे राहते. तोवर त्याला सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब द्या. पाणी उथळ बशीत, खडे टाकून ठेवा, म्हणजे पिलू बुडणार नाही.

मात्र प्रत्येक पाय पट्टीने सुधारत नाही. बोटे आत वळलेली असतील तर ब-2 जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. घोट्याचा सांधा सुजून स्नायूबंध जागेवरून सरकला असेल, तर खाद्यात मँगनीज कमी पडले असण्याचा संभव असतो. मक्यात ते थोडे असते, गव्हाच्या व भाताच्या कोंड्यात भरपूर. अशा वेळी पशुवैद्याला दाखवावे.

खाद्य आणि पाय यांचे हे नाते विज्ञानाला फार उपयोगी पडले. 1890 च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आयकमान यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. त्या सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसल्या जात होत्या. कोंड्यासकट तांदूळ मिळताच त्या बऱ्या झाल्या. याच धाग्यावरून पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि 1929 मध्ये आयकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा मित्रांनो, लुळा पाय दिसला की आधी पायाखालची जमीन पाहा, मग खाद्य पाहा. पुढची अंडी बसवताना डालग्यात खरखरीत गोणपाट घाला आणि किती पिले नीट उभी राहिली, याची नोंद वहीत ठेवा.