नेम धरत बसलं की चकती निसटते

क्ले टार्गेट शूटिंगची मासिकं म्हणजे शिकाऱ्यांचं वाचन, अशी आपल्याकडची समजूत. ब्रिटनमधल्या संघटनेचं ‘पुल!’ किंवा अमेरिकेतलं ‘ट्रॅप अँड फील्ड’ चाळलं तर मात्र पानं भरलेली दिसतात ती स्पर्धांच्या निकालांनी आणि तंत्राच्या चर्चेनं. मासिकं खेळाच्या मागून येतात हेही नेहमीच खरं नसतं. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर इथे 1920च्या सुमारास काही शिकारी सरावासाठी वर्तुळात फिरत, यंत्रानं हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीनं फोडायचे. शेजारच्या जागेत कोंबड्या पाळल्या जाऊ लागल्या आणि त्या बाजूला बार काढणं अशक्य झालं. मग समोरासमोर दोन यंत्रं ठेवून अर्ध्या वर्तुळावर भागवलं गेलं. या मंडळींतले विल्यम हार्नडेन फॉस्टर संपादक होते. त्यांनी 1926 मध्ये नियम मासिकात छापले, नाव सुचवणाऱ्याला 100 डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, आणि ‘स्कीट’ घरोघर पोहोचलं. आज तो ऑलिंपिक खेळ आहे.

शिकारीशी नातं आहे, पण ते मुळापुरतं. एकोणिसाव्या शतकात जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर बार काढत. पुढे काचेचे गोळे आले, त्यांतल्या काहींत पिसंही भरलेली असत. 1880 मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं भाजलेल्या मातीची चकती आणली. आताची चकती मातीची नसतेच. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ मिसळून ती बनवतात. रुंदी 11 सेंटिमीटर, वजन 105 ग्रॅम. कबुतरं सुटली, तरी जमिनीत साठणाऱ्या शिशाच्या छर्‍यांबद्दलचा आक्षेप रास्तच आहे.

आपला सगळ्यात पक्का गैरसमज मात्र रायफलनं करून दिलेला आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांना पाहत आलेल्या मराठी माणसाला नेमबाजी म्हणजे रोखलेला श्वास आणि न हलणारा हात वाटतो. चकत्या फोडणारा शॉटगनवाला असा थिजला की हरला. ट्रॅप या प्रकारात तो हाक देतो, मायक्रोफोन आवाज टिपतो आणि 15 मीटर पुढच्या खंदकातून चकती ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं निघते. डावीकडे की उजवीकडे, ते आधी कळत नाही. स्कीटमध्ये वाट ठरलेली, पण हाकेनंतर चकती लगेच सुटेल की तीन सेकंदांनी, ते माहीत नसतं. तोवर बंदुकीचा दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. छर्‍यांनाही पोहोचायला वेळ लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी चकती मीटरभर पुढे सरकलेली असते, म्हणून बार तिच्यावर नव्हे, तिच्या पुढे काढायचा. नजर चकतीवर, नळी फिरती, आणि चाप ओढल्यावरही ती फिरतीच ठेवायची. नवखे लोक चकतीवर नेम धरायला नळी थांबवतात आणि छर्रे तिच्या मागून जातात.

हा पुरुषांचाच खेळ, हे म्हणणं 1992 मध्येच निकालात निघालं होतं. बार्सिलोनात स्कीटची स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती आणि सुवर्ण चीनच्या झांग शाननं जिंकलं. अंतिम फेरीआधीच्या 200 पैकी 200 चकत्या तिनं फोडल्या होत्या. गंमत अशी, की 1996 ला अटलांटात स्त्रियांसाठी स्कीट ठेवलंच नव्हतं. ते आलं 2000 मध्ये, सिडनीत.

राजेरजवाड्यांचा खेळ? हे अर्धं खरं आहे. 1962 च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य जिंकणारे करणी सिंह बिकानेरचे महाराजा होते. 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्य आणणारे राज्यवर्धनसिंह राठोड मात्र सैन्यात अधिकारी होते. तरी खर्च मोठाच: प्रत्येक सरावाला काडतुसं संपतात आणि चकत्या फुटतात.

राहिला छर्‍यांचा फवारा. ‘एवढे छर्रे उडतात, एखादा लागणारच की!’ ऑलिंपिकच्या काडतुसात छर्रे जास्तीत जास्त 24 ग्रॅम, आणि ते पसरतात तेही जेमतेम मीटरभर. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत 125 चकत्या असतात. त्यांतल्या पाच-सहा चुकल्या तरी अंतिम फेरी हातची जाऊ शकते. पॅरिसला 2024 मध्ये मिश्र स्कीटच्या कांस्यपदकासाठी महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका चीनच्या जोडीसमोर उभे होते. निकाल लागला 44-43, चीनच्या बाजूनं.