‘नो डिस्क’ म्हणजे लेझर गेला असं नाही
सोनईत मुळा कारखान्याचा गळीत हंगाम लागला की उसाच्या गाड्यांमागे फुफाटा उडतो. जुन्या सीडी प्लेअरच्या भिंगाला तेवढी धूळ पुरते. पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटतं आणि लेझर गेला असं समजून यंत्र माळ्यावर जातं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेला कापूस भिंगावरून अलगद फिरवून बघा. दाबू मात्र नका, भिंग नाजूक आधारावर तरंगतं असतं.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. लेझर बाहेर सरकेल तसा तिचा वेग मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांवरून २०० पर्यंत उतरतो. म्हणून पहिली गाणी नीट वाजून शेवटची अडखळत असतील, तर लेझर सरकतो त्या दांडीवरचं वाळलेलं ग्रीस आधी पुसा. ट्रे अडकतो तो बहुधा सैल रबरी पट्ट्यामुळे.

पिकअपवरचा, म्हणजे लेझर-भिंगाच्या जोडावरचा, चिमुकला प्रीसेट (करंट कमी-जास्त करणारा स्क्रू) पिळून लेझरचा करंट वाढवणं ही मेकॅनिकची जुनी खोड. चार दिवस गाणी वाजतात, मग लेझर डायोड कायमचा जातो. सोनीच्या केएसएस-२१३ सारख्या नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा ठिपका असतो. जोडणीनंतर तो काढायचा राहिला, तर नवा पिकअपही मुकाच. आणि ७८० नॅनोमीटरचा हा किरण जवळजवळ दिसत नाही, तेव्हा भिंगात डोकावू नका.