ऐन पेरणीत ट्रॅक्टर सुरू न झाल्यास

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला, बियाणे तयार झाले, आणि आदल्या सायंकाळपर्यंत सुरळीत चाललेला ट्रॅक्टर सकाळी सुरू होईना, असा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी मनुष्य गोंधळून किल्ली पुन्हा पुन्हा फिरवीत राहतो. त्यामुळे बॅटरी उतरते व एका दोषाचे दोन दोष होतात. वस्तुतः डिझेल एंजिन पुरेशा वेगाने फिरले, त्यास हवा मिळाली व डिझेल पोचले म्हणजे ते सुरू व्हावयास हवे. यांपैकी कशाची उणीव आहे हे क्रमाने पाहिल्यास पुष्कळसे दोष शेतावरच सापडतात.

एंजिन फिरतच नसल्यास

प्रथम दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद होऊन नुसता खट् असा आवाज आल्यास बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवरील तारा सैल अथवा गंजलेल्या आहेत असे समजावे. टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असल्यास ऋण टोकाची तार आधी सोडावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके घासावीत, तारा घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी, ट्रॅक्टर काही वेळ बंद असता, सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते.

दिवे प्रखर राहून आवाजच न आल्यास गिअर न्यूट्रलमध्ये आहे व क्लच पूर्ण दाबला आहे याची खात्री करावी. अनेक ट्रॅक्टरांत त्यावाचून स्टार्टरला वीज मिळत नाही. ही योजना चालकाच्या रक्षणासाठीच असते. म्हणून खाली उभे राहून स्टार्टरची टोके पेचकसाने जोडण्याचा आडमार्ग कदापि अवलंबू नये. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास तो तत्क्षणी पुढे जातो व माणूस चाकाखाली सापडतो.

एंजिन फिरते, पण पेट घेत नसल्यास

एंजिन फिरत असता धुराड्याकडे पाहावे. धूर मुळीच नसल्यास डिझेल पोचत नाही. टाकीत डिझेल आहे काय, तोटी उघडी आहे काय, एंजिन बंद करण्याचा दांडा बाहेर ओढलेला तर राहिला नाही ना, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे काय, हे पाहावे. नंतर गाळणीतील पाणी व गाळ काढावा. नळीत हवा शिरली असल्यास गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा. इंजेक्टरच्या नळ्यांना मात्र हात लावू नये. त्यांतील दाबामुळे डिझेल त्वचा भेदून आत शिरते व तशी इजा झाल्यास तात्काळ डॉक्टरकडे जावे लागते.

पांढरा धूर येत असल्यास डिझेल पोचते, परंतु नीट जळत नाही. थंडी, डिझेलमधील पाणी किंवा कॉम्प्रेशन कमी होणे ही त्याची कारणे होत. काळा धूर दिसल्यास हवेची गाळणी साफ करावी.

ध्यानात ठेवावे

किल्ली एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक फिरवू नये व मध्ये मिनिटभर थांबावे. एवढे करूनही यश न आल्यास कारागिरास बोलवावे व आवाज, दिवे आणि धूर यांची दिसलेली लक्षणे त्यास सांगावीत. त्याचा अर्धा वेळ वाचेल. काम संपताच सायंकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने टाकीत पाणी धरत नाही. पेरणीपूर्वी एक दिवस या तपासणीस दिल्यास ऐन वाफशाचा दिवस वाया जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.