आधीं नक्कल, मग नवा सेल

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या अमेरिकेहून आला, तेव्हां त्यानें एक लहानशी डबी माझ्यापुढें ठेविली. तींत ‘गेम बॉय’ या हातांत धरून खेळावयाच्या यंत्राची ‘पोकेमॉन रेड’ ही कार्ट्रिज होती. मुळांत दोघां भावांच्या दोन कार्ट्रिजा होत्या. स्वतःची त्यानें एका कारागिराकडे नवा सेल बसविण्यास दिली. खेळ पूर्ववत् चालूं लागला. परंतु लहानपणीं गांठलेली सारी मजल पुसली गेली. उरलेली कार्ट्रिज थोरल्या भावाची, आणि तो आज हयात नाहीं. “काका, हिला हात कसा लावावा?” असें त्यानें विचारिलें.

अशा कार्ट्रिजमध्यें स्मृतीचीं स्थानें दोन असतात. पहिलें रॉम. त्यांतील मजकूर कारखान्यांतच कायमचा उमटविलेला असून त्यास विजेची गरज नसते. १९९८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या या खेळांत तो १०,४८,५७६ बाइट भरतो. दुसरें स्थान अवघें ३२,७६८ बाइटांचें. खेळणाराचें नांव व त्याची प्रगति तेथें राहते, आणि नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर जगते. सेल निघाला कीं तें कोरें होतें. रॉम म्हणजे छापील पोथी. तिच्या प्रती अन्यत्र मिळतील. परंतु समासांत आपल्या माणसानें केलेलें टिपण एकाच प्रतींत असतें.

म्हणून सेल काढण्यापूर्वीं नक्कल घेतली पाहिजे. त्याकरितां ‘जीबीएक्सकार्ट’, ‘जीबी ऑपरेटर’ यांसारखीं लहान वाचक-यंत्रें मिळतात. एका बाजूस कार्ट्रिज बसवावी, दुसरी बाजू तारेनें संगणकास जोडावी. कार्ट्रिजच्या ३२ संपर्कपट्ट्यांपैकीं १६ पट्ट्यांवरून यंत्र पत्ता विचारतें व ८ पट्ट्यांवरून उत्तर घेतें. रॉमच्या वांट्यास एका वेळीं ३२,७६८ पत्तेच येतात. यास्तव कार्ट्रिजमधील एक नियामक चिप सारा मजकूर १६,३८४ बाइटांच्या ६४ गठ्ठ्यांनीं पुढें करते. यंत्र तिला आज्ञा देऊन गठ्ठे पालटीत जातें. प्रगतीच्या कोठीचें दारही याच चिपला सांगून उघडावें लागतें.

येथें उतावीळपणा नडतो. पट्ट्या मळलेल्या असल्या तर पाठ अशुद्ध उतरतो. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून वाळूं द्याव्या. मग दोनदां वाचन करून दोन्ही प्रती ताडून पाहाव्या. एका बाइटाचाही भेद नसावा. रॉमच्या आरंभीच्या भागांत बेरजेचा आंकडा नोंदलेला असतो, तोही पडताळावा. शेवटीं संगणकावर खेळ उघडून प्रगति दिसते कीं नाहीं हें पाहावें. त्यानंतरच सेल बदलावा व जपून ठेविलेली प्रगति त्याच यंत्रानें परत लिहावी.

हें करणें गैर नाहीं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, संगणक-प्रोग्रॅमची प्रत रीतसर जवळ बाळगणारास, ती नष्ट होण्याच्या भयास्तव तात्पुरती राखीव नक्कल करतां येते. ती नक्कल चारचौघांत वांटणें मात्र सर्वस्वीं निराळें.

पुतण्यानें यंत्र मागविलें. पहिल्या दोन प्रती जुळल्या नाहींत. पट्ट्या पुन्हा पुसल्यावर जुळल्या. नवा सेल बसला, प्रगति परत लिहिली गेली, आणि पडद्यावर नऊ वर्षांच्या मुलानें टंकिलेलें त्याचें नांव उमटलें. वहिनी बराच वेळ तें यंत्र हातांत घेऊन बसल्या होत्या.

कोणाच्या कपाटांत अशी कार्ट्रिज असेल, तर तिचा सेल आतां पाव शतकाचा झाला आहे. दिरंगाई करूं नये.